आरएक्स १००: सौदा मॅग्नेटच्या मागे अडकला

मंडळी, कराडकडच्या काकांची ती पीकॉक ब्लू यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल अजून घेतलेली नाही आणि सोडलेलीही नाही. मागच्या अपडेटनंतर निम्म्या लोकांनी "आता इसार देऊन टाक" म्हणून कान किटवले होते. दिला नाही ते बरंच झालं. का, ते खाली सविस्तर आहे.

आधी गोड बातमी. नंबर जुळले! नेकवरची (हँडलखालच्या फ्रेमच्या मानेवरची, जिथे चासी नंबर कोरलेला असतो) धूळ आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसली, पातळ कागद धरून वर पेन्सिल घासली. अंक एका ओळीत, सारख्या खोलीचे, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची खूण नाही. इंजिन नंबरचंही तसंच. दोन्ही आरसी बुकाशी तंतोतंत. ज्यांनी "ओरिजिनल आरएक्स" बघायला जाऊन आरएक्स १३५ चं इंजिन किंवा दुसऱ्याच गाडीचा नेक पाहिलाय, त्यांना हा आनंद कळेल. १९९४ चं मॉडेल, पहिलाच मालक. परवा एकाने मला "९९ ची आरएक्स १००" दाखवली. उत्पादन १९९६ ला बंद झालं, मग ती शोरूमला तीन वर्षं लोणच्यासारखी मुरत होती का, एवढंच विचारलं. पुन्हा फोन आला नाही.

आता दुखणं. थंड असताना गाडी एका किकमध्ये सुरू, आयडलिंग झकास. वीसेक मिनिटं फिरवून आणली की थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम वरच लटकतो. हळूहळू उतरतो, कधी उतरतच नाही. काका म्हणाले, "अहो, जुन्या गाड्या गरम झाल्या की असंच करतात." करत नाहीत. टू-स्ट्रोक गरम झाल्यावर लटकायला लागली की कुठून तरी फुकटची हवा आत जातेय असं धरून चालायचं.

सोप्या गोष्टी आधी. थ्रॉटल केबल मोकळी आहे, हँडल दोन्ही बाजूंना वळवलं तरी ताण येत नाही. कार्बची (कार्ब्युरेटरची) स्लाइड बघितली, खालच्या कडेला थोडी झिजलीय. म्हणून माझ्याकडचा चांगला मिकुनी कार्ब सोबत नेला होता तो चढवला. फरक शून्य. मॅनिफोल्डच्या (कार्ब आणि इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) जोडावर स्प्रे मारला, आवाजात जराही बदल नाही, म्हणजे हवा तिथून शिरत नव्हती. कार्बवरच्या एअर स्क्रूशी खेळून आयडलिंग तात्पुरतं खाली आणता येतं, आणि बरेच विकणारे नेमकं तेच करून ठेवतात. स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते सुरुवातीलाच मोजा. आरएक्सला तो दीड फेऱ्याच्या आसपास लागतो, इथे जवळजवळ पूर्ण आत होता.

मग काकांची परवानगी काढून प्रेशर टेस्ट केली, म्हणजे इंजिनाची तोंडं बुजवून आत दाब भरायचा आणि तो कुठून गळतो ते बघायचं. बाजारातलं लीकडाउन किट महाग आणि आपल्या कामाला जरा जास्तच. मेडिकलमधून बीपी मशीनचा सुटा बल्ब आणि डायल आणला. डायल ३०० पर्यंत, म्हणजे जेमतेम सहा पीएसआय. क्रँककेसला (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागाला) तेवढाच दाब द्यायचा असतो, जास्त दिला तर क्रँकच्या टोकाचं धड असलेलं रबरी सीलही बाहेर ढकललं जातं. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्ट पोर्टवर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा ठेवला आणि पट्टीने आवळला. कार्ब काढून मॅनिफोल्डच्या तोंडात रबरी बूच आणि त्यातून नळी. प्लगच्या भोकातून दाब देऊ नका. रीड (मॅनिफोल्डकडून आत उघडणारी झडप) मिटते आणि मॅनिफोल्डची बाजू तपासायची राहून जाते.

३०० ला नेऊन बल्बचा स्क्रू बंद केला. काटा थांबलाच नाही, डोळ्यांदेखत शंभराच्या खाली. मिनिटाला पन्नासेक उतरला असता तर चाललं असतं. साबणाचं पाणी ब्रशने ब्लॉकच्या बुडाला, हेडला, प्लगभोवती लावलं, कुठेच बुडबुडा नाही. गिअर ऑइलचं बूच काढून भोकावर साबणाचा पडदा धरला, तोही फुगला नाही. म्हणजे क्लचकडचं सील शाबूत. ते गेलं असतं तर गिअर ऑइल आत जाऊन जळलं असतं, धूर पांढरा का नव्हता तेही कळलं. शेवटी डावं कव्हर उघडलं. मॅग्नेटच्या (क्रँकच्या डाव्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) मागून फेस येत होता, चांगला जाडसर.

इथे मला हायसं वाटलं होतं. डावं सील म्हणजे मॅग्नेट पुलर, अर्धा तास आणि किरकोळ पैसे. पण काका सहज बोलून गेले, "ते सील तर गेल्या दिवाळीतच बदललंय." नवं सील एवढ्यात का जावं? मॅग्नेट दोन्ही हातांत धरून वर-खाली हलवला. टक. पुन्हा हलवला, पुन्हा टक. क्रँकचं डावं बेअरिंग खेळतंय. बेअरिंगमध्ये खेळ आहे तोवर कितीही भारी सील घाला, क्रँक ते खाऊन टाकणार. म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं, दोन्ही बेअरिंग, दोन्ही सील, आणि क्रँक बाहेर आलाच आहे तर रॉड किटही (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, पिन-बेअरिंगसह).

रॉड किटवरून दोन शब्द. नाना पेठेत एका दुकानात "ओरिजिनल" म्हणून जे दाखवलं त्याच्या डब्यावरचं स्पेलिंगच चुकलेलं होतं. मी तिथून घेणार नाही. आणि क्रँक प्रेस करायला नेहमीच्या गॅरेजपेक्षा लेथवाल्याकडे द्या, जो ट्रू (फिरताना डगमगणार नाही असा सरळ) करून डायल गेजवर तुमच्यासमोर ०.०३ एमएमच्या आत दाखवतो. हातोडीने आणि अंदाजाने करणारे पुष्कळ आहेत.

एवढं झाल्यावर एंडोस्कोप घातलाच. मोबाइलला जोडायचा तो स्वस्तातला, पण सेकंडहँड गाडी बघायला यापेक्षा कामाचं हत्यार मी वापरलेलं नाही. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर होता. तारेला पेट्रोलचं फडकं गुंडाळून प्लगच्या भोकातून घासलं, तेव्हा अंक दिसला: १.००. म्हणजे मूळ मापापेक्षा एक एमएम मोठा पिस्टन, ओव्हरसाइजमधला शेवटचा. शिवाय एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, हवा जास्त आणि पेट्रोल-ऑइल कमी मिळत धावल्याचे. बोअर आता वाढवता येणार नाही, लायनर (सिलिंडरच्या आतली नवी बाही) घालावा लागणार. स्टँडर्ड ५० एमएमचा जुना ब्लॉक मिळाला तर सोनं. नव्या डुप्लिकेट ब्लॉकवर माझा विश्वास नाही, पोर्टच्या कडा हाताला लागतात.

काकांचा आकडा ८५ हजार. आजच्या बाजारात कागद सरळ असलेल्या गाडीला तो वेडा नाही, पण इंजिन धड असतं तर. माझा बेत होता की इंजिनाचा खर्च वजा करून आकडा सांगायचा आणि गाडी थेट टेम्पोत घालून आणायची. हे लिहिता लिहिता आरसीचा फोटो पुन्हा उघडला आणि बेत बदलतोय. रिपासिंग (जुन्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण) २०२४ ला संपलंय. ते झाल्याशिवाय नाव चढणार नाही, आणि दुचाकीला उशिराचे महिन्याला ३०० रुपये चढताहेत. वीस वर्षांवरच्या दुचाकीची फी आता २००० आहे, ती आणि पर्यावरण कर वेगळाच. मी इंजिन उघडून बसलो तर गाडी आरटीओत दाखवणार कशी? आणि काकांच्या नावावरच्या गाडीत माझे पैसे घालायचे कशाच्या भरवशावर?

तेव्हा क्रम उलटा. इसार थोडका द्यायचा, चिठ्ठीवर नंबरांसकट लिहून घ्यायचं. काकांनी गाडी आहे तशी, थंड इंजिनावर, रिपासिंगला न्यायची. तिथवर ती नक्की जाईल. पास झाली की टीटी फॉर्मवर (नाव बदलीच्या) सह्या आणि बाकीची रक्कम, मगच इंजिन टेबलावर. रिपासिंगचा खर्च काकांचा, इंजिनाचा माझा, आणि आकडा ६० हजारांच्या आत. काकू मध्ये पडल्या तर ६२.

आज संध्याकाळी फोन करतोय. तोवर कुणाकडे स्टँडर्ड ब्लॉक पडून असेल तर पोर्टचे फोटो आधी पाठवा, बाहेरची रंगरंगोटी नको.