पॉलीची खरेदी अडली ती एका रकान्यात: माझा अनुभव

आमच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) सेंट्रिफ्यूजच्या (वेगाने फिरून गाळातलं पाणी वेगळं करणारं मशीन) आधी स्लजमध्ये, म्हणजे ओल्या गाळात, कॅटायनिक पॉली, म्हणजे धन भाराचं पॉलिमर, सोडतो. जैविक स्लजच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. पॉली तो भार मारतं, लांब साखळ्यांनी कण बांधतं आणि पाणी सुटतं. साठा संपत आला तेव्हा नमुने मागवले, जार टेस्ट (बीकरमध्ये डोस टाकून बघणं) घेतली. तोवर सगळं सुरळीत.

अडलं परचेसमध्ये. तुलनात्मक तक्त्यात रकाना एकच: दर प्रति किलो. १८० रुपयांचा माल एल-वन (सर्वांत कमी दराचा), २६० चा बाद. मी सांगत होतो की पहिला एक टन सुक्या स्लजला ८ किलो लागतो, दुसरा साडेचार. म्हणजे टनामागे १४४० विरुद्ध ११७० रुपये. उत्तर ठरलेलं, "साहेब, फॉरमॅटमध्ये बसत नाही." फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. इकडे स्लज काढता येईना, एमएलएसएस (प्रक्रियेच्या टाकीत तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण) चढला, क्लॅरिफायरमधला (गाळ खाली बसवायची टाकी) स्लजचा थर वर येऊन विअरवरून, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या काठावरून, गाळ जायला लागला. ते पाणी नदीला जातं! आजही आठवलं की संताप होतो. ज्याने सेंट्रिफ्यूज चालताना पाहिलेला नाही, त्याने दर किलोवर निकाल का द्यावा?

शेवटी दोन बीकर, प्लांटचाच स्लज आणि दोन्ही पॉलींची द्रावणं घेऊन परचेसवाल्यांच्या टेबलावर गेलो. डोस सारखाच ठेवला. एकात पाणी गढूळच राहिलं; दुसऱ्यात साबुदाण्याएवढे फ्लॉक (कण एकत्र येऊन झालेले गोळे) आणि मधे नितळ पाणी. वरिष्ठांनी तिथेच शेरा मारला: तुलना टन सुक्या स्लजमागच्या खर्चावर करावी. तो शेरा मिळाला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

तुम्हाला सांगतो, चौकशीपत्रातच ही अट घाला, नंतर कोणी ऐकत नाही. ट्रायल स्वतःच्या स्लजवर, स्वतःच्या मशिनवर घ्या. केकमधलं (मशिनमधून निघालेला घट्ट गाळ) सुकं प्रमाण आणि सेंट्रेट (वेगळं झालेलं पाणी) किती स्वच्छ, दोन्ही लिहून ठेवा. जास्त डोस म्हणजे चांगला केक नव्हे. सेंट्रेट बुळबुळीत लागलं तर डोस उतरवा. द्रावण ०.१ टक्के, म्हणजे हजार लिटरला एक किलो. पावडर भोवऱ्यात हळूहळू भुरभुरवा, नाहीतर गाठी होतात, आणि तासभर संथ ढवळू द्या. हो, क्लोरीन मारलेलं पाणी त्याला वापरू नका, साखळ्या तुटतात. आणि फरशीवर सांडलं तर आधी पाणी मारू नका, माणूस घसरून पडतो. भुसा टाकून कोरडंच उचला.