शेडबाळ ते कागवाड: पांढरा खार आणि उसातले दोन सेन्सर

शेडबाळ स्टेशनला उतरून कागवाडकडे निघालं की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. मिरजेपासूनची डब्यातली घुसमट जरा विसरायला होते. मग एका वळणावर हिरव्या उसात मधेच उघडी पडलेली जमीन दिसली, वर पांढरा खार फुललेला. बोटाने खरवडला तर पापुद्रा सुटून हातात आला, खाली चिखल. मला ते बघवेना. कृष्णाकाठची ही काळी जमीन पाणी जास्त पिऊन मेली आहे.

बांधापलीकडे एक काका आपल्या उसात ओलाव्याचे सेन्सर बसवून घेत होते. मी तिथेच रेंगाळलो. त्यांनी कारण सांगितलं ते असं: "लाईट रात्रीची येतीय. ऑटो टाकलेला असतोय, मोटर आपली आपण चालू. सकाळी येऊन बगतोय तर सऱ्या तुडुंब."

ऑटो म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच. सगळ्या पट्ट्याचं दुखणं यात आलं. जादा पाणी मुळांखाली उतरतं, भूजल वर चढतं. ते वरच्या दीड-दोन मीटरमध्ये आलं की केशाकर्षणाने माती ते ओढून घेते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात.

सेन्सर दोन लागतात, एक २० सेंटिमीटरवर आणि दुसरा ४५ वर. वरचा पाणी कधी द्यायचं ते सांगतो, खालचा कधी थांबवायचं ते. माझ्या मते इथे खालचाच मोलाचा. पाणी दिल्यावर त्याचा आकडा चढला, तर ते पाणी मुळांना ओलांडून चाललंय. आठवडाभर पाणी न देताही तो उतरेना, तर निचराच होत नाही असं समजा.

उघड्या सळ्यांचे, मातीचा विद्युतरोध मोजणारे स्वस्त रेझिस्टिव्ह सेन्सर इथे घेऊच नयेत, खाऱ्या मातीत गंजून जातात. कपॅसिटिव्ह घ्यावेत. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचं माप) सुमारे ८० आणि कोरड्या मातीचा ३ ते ५, या फरकावर ते चालतात. क्षारांमुळे त्यांचाही आकडा फुगतो, म्हणून क्षारताही मोजणारा असेल तर उत्तम. शिवाय त्याच शेतातली माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून, वजनातल्या फरकावरून आकडा जुळवून घ्यायचा.

बसवणं मात्र नाजूक काम. ऑगरने, म्हणजे माती पोखरणाऱ्या गिरमिटाने, भोक पाडलं, निघालेलीच माती पाण्यात कालवून घट्ट रबडी केली, ती भोकात ओतली आणि सेन्सर त्यात दाबला. काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सरभोवती पोकळी राहिली तर तो हवाच मोजतो आणि ओल्या रानाला कोरडं म्हणतो. हे सगळं मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर लावून झाल्यावर करायचं. आधी केलं तर अवजारात वायर तुटते, आणि मातीची भर पडल्याने २० ची खोली ३०-३५ होऊन बसते. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून ती पीव्हीसी पाईपातून न्यायची.

सेन्सरचा निरोप लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवरून जातो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. त्याला परवाना लागत नाही. पण दहा-बारा फुटी ऊस सिग्नल गिळतो आणि सोलर पॅनेलवर सावली धरतो, त्यामुळे अँटेना आणि पॅनेल दोन्ही पंधरा फुटी पाईपवर चढवावे लागतात.

खरी किमया पंपाच्या खोलीत आहे. ऑटोच्या वायरीत सिरीजमध्ये रिले, म्हणजे सेन्सरच्या निरोपावर चालणारा स्विच, बसवतात. खालचा सेन्सर ओला असेल तर रिले उघडाच राहतो, म्हणजे वायर जोडली जात नाही. रात्री लाईट आली तरी मोटर उठत नाही. सोबत बायपासचा स्विच हवाच, सिग्नल गेला म्हणून पीक वाळता कामा नये.

खार चढलेली जमीन सेन्सरने धुतली जात नाही. तिला जमिनीखालून सच्छिद्र पाईपांचा निचरा लागतो, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) असेल तर जिप्समही. काकांचं रान अजून त्या थराला गेलेलं नाही. तोडणीची टोळी येण्याआधी सेन्सर वायरीसकट काढून ठेवायला त्यांना सांगून मी निघालो, कारण कोयत्यातून वाचली तरी पाचट पेटवल्यावर वायर उरत नाही.