खोलण्याचं काम

जुन्या ट्रकला नवा भाग बसवायला फारसा वेळ लागतच नाही. वेळ जातो तो जुना काढण्यात. सायलेन्सरचा साधा क्लॅम्प बदलायचा असतो, नवा शेजारी तयार पडलेला असतो, आणि आपण गाडीखाली आडवे होऊन एका गंजलेल्या नटाची मनधरणी करत असतो. लोखंड गंजलं की मूळच्यापेक्षा जास्त जागा व्यापतं. आट्यांमधली बारीक फट त्यानं भरून जाते आणि नट-बोल्ट जणू एकाच धातूचे ओतलेले असावेत तसे वागू लागतात.

इथं जोर उपयोगी पडत नाही. आदल्या संध्याकाळी उघडे आटे तारेच्या ब्रशनं घासून गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. सकाळी हातोडीनं हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत उतरतं. पाना सहा कोनांचा घ्यावा. बारा कोनांचा नुसत्या टोकांना धरतो आणि मग नट गोल होतो. नट हलला तरी एका दमात फिरवू नये. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल. या मागेपुढे करण्याला कंटाळणारा माणूस बोल्ट तोडतो, आणि तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढण्यात उरलेला रविवार जातो.

गाडीखाली जायचं तर चाकांना ठोकळे आणि चेसिसखाली भक्कम स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला पाय धरून बाहेर ओढतो.

सगळ्यात सुखाचं काम ग्रीसिंगचं. निपल, म्हणजे ग्रीस आत भरायचं छोटं तोंड, आधी पुसून घ्यायचं, नाहीतर त्यावरची माती ग्रीसबरोबर आपणच आत ढकलतो. मग ग्रीसगन दाबत राहायचं. आधी काळं, वाळूसारखं खरखरीत जुनं ग्रीस बाहेर येतं आणि त्यामागून नवं, स्वच्छ रंगाचं. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनवर डावी-उजवीकडे वळतं तिला, मात्र पुढचा ॲक्सल उचलून ग्रीस द्यावं. गाडीचं वजन पिनवर असताना ज्या बाजूला घर्षण जास्त, नेमकी तीच बाजू कोरडी राहते. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला चारही टोकांतून ग्रीस डोकावलं पाहिजे. तिघांतून आलं म्हणून थांबू नये.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, हे सगळे सांगतात. कारण कमी जण सांगतात. निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असताना पॉझिटिव्ह सैल करू लागलो आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून जातो. डिझेलच्या फिल्टरखालचं पाणी काढणं त्यामानानं निरुपद्रवी. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं, खालचा बोल्ट सैल केला की आधी तेच येतं. फिल्टर बदलला असेल तर हातपंप मारून डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा काढत बसावं लागतं. फेस थांबून सलग धार लागेपर्यंत सेल्फ मारण्यात अर्थ नसतो.

एवढं करूनही इंजिनच्या मागच्या सीलपाशी तेलाचा थेंब लोंबत असतोच. तो मी गेली काही वर्षं तसाच ठेवलाय. तो सील बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, क्लच काढावा लागेल, आणि इतका पसारा एका थेंबासाठी मांडायची माझी तयारी नाही. खाली पुठ्ठा ठेवायचा, डाग वाढतोय का बघायचं, डिपस्टिक तपासून तेल पुरं करायचं. क्लच घसरू लागेल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, त्यात सीलही होईल. ब्रेकच्या आणि डिझेलच्या पाइपांना मात्र ही सवलत नाही. तिथं नुसती ओल दिसली तरी गाडी जागची हलत नाही.