हो काकू, चालेल

२७ सप्टेंबर, रात्र

नऊ बावीसला भाडेकरणीला मेसेज टाकला, नऊ चोवीसला उत्तर आलं. 'हो काकू, चालेल.' आणि पुढे अंगठा.

दोन मिनिटं! भाडं बावीस हजारांचं चोवीस करायचं आहे हे सांगायला मला तीन आठवडे लागले. तिला दोन मिनिटं.

तयारी काही कमी नव्हती. राहत्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, पण तेवढे पैसे दर महिन्याला खिशातून जातातच. गीझरची कॉइल मार्चमध्ये मीच बदलून दिली. सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं, कोणत्या प्रश्नाला काय म्हणायचं ते. तेवीस हजारांवर यायची मनाची तयारीही होती. कुणी विचारलंच नाही. कागद चष्म्याच्या घराखाली तसाच पडलाय.

नियमाला धरूनच सांगितलंय. करार ३० नोव्हेंबरला संपतो. करारात लिहिलं नसेल तर मुदतीच्या मधे भाडं वाढवता येत नाही, म्हणून वाढ नव्या करारापासून. आणि दोन महिने आधी कळवलं, म्हणजे नाही पटलं तर त्यांना घर शोधायला वेळ, मला माणूस शोधायला. मग हे काय टोचतंय?

आधी वाटलं, कमी मागितले. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सव्वीस घेतात म्हणे. मग वाटलं, ती सोडून जाणार असेल, म्हणून हो म्हणून मोकळी झाली. मग वाटलं, दोघांचे पगार वाढले का कुणी विचारलं? मी तर नाहीच. शेवटी हे झोपायला गेले आणि मी हिशेब मांडत बसले. कुणी सांगितलंय हे सगळं मला एकटीला! बाबा असते तर. असो.

वाढ महिना दोन हजार, अकरा महिन्यांचे बावीस हजार. घर एक महिना रिकामं राहिलं तर चोवीस हजार गेले, म्हणजे वाढ तिथेच संपली. वर रंग, एजंटचे पैसे. मागच्या वेळी ताठ राहून चार हजार वाढवले होते, तेव्हा अडीच महिने कुलूप होतं. बंद घरात न्हाणीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि ड्रेनेजचा वास थेट हॉलमध्ये येतो. घर बघायला आलेली दोन कुटुंबं दारातूनच परत गेली. मग कळलं, आठवड्यातून एकदा जाऊन प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतायचं असतं.

मामाच्या वाड्यात हा प्रश्नच नाही. जुना भाडेकरू, महिना चाळीस रुपये. भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढवता येतात, म्हणजे एक रुपया साठ पैसे. मामाला कधी त्याची लाज वाटलेली दिसली नाही. भीड भिकेची बहीण, हे वाक्यही त्याचंच.

मग सुचलं की यंदा तेहेतीस महिन्यांचा करार करावा. साठ महिन्यांपर्यंत करता येतो, लोक उगाच अकराला चिकटून बसतात. पहिल्या टप्प्याला २४,०००, मग २५,२००, मग २६,४६०. नुसतं 'दर ११ महिन्यांनी ५ टक्के' लिहून सोडायचं नाही. पाच टक्के मूळ भाड्यावर की वाढलेल्या, यावरून तिसऱ्या टप्प्याला साठ रुपयांचा वाद होतो, आणि साठ रुपयांचे वादच जास्त तापतात. तेहेतीस महिन्यांच्या भाड्यात लाखाच्या अनामतीवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने साधारण बावीसशे. नोंदणी फी हजार, तीही तीनदा नव्हे, एकदाच. नोंदणी करायची ती मालकानेच. नाही केली तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात. आणि मुख्य म्हणजे दरवर्षी हा मेसेज तीनदा खोडून लिहायचा नाही.

तरी ते 'चालेल' काही डोक्यातून जाईना. थोडी कुरकुर करायला काय हरकत होती? मी काय खाऊन टाकणार होते?

दहा चाळीस. फोन वाजला.

'काकू, तेवढं बेसिनच्या नळाचं बघाल का? बंद केला तरी गळतो. आणि बाल्कनीच्या सरकत्या जाळीचं चाक तुटलंय. आणि वेळ असेल तर बेडरूमच्या भिंतीची ओलसुद्धा.'

बाई, मग हे आधी का नाही!

नळाचं स्पिंडल गेलं असणार, नुसता वॉशर घालून भागणार नाही. जाळीचं चाक किरकोळ. ओल मात्र वरच्यांच्या बाथरूमची, त्यासाठी सोसायटीत पत्र द्यावं लागेल. रविवारी दहाला प्लंबरला सांगितलंय. जाताना त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी करून नेते.