डायरीतला २५२

पोलीस खात्यातली माझी बहुतेक नोकरी गोपनीयच्या टेबलावर गेली. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. नोव्हेंबर लागला की मी कपाटातून एक झेरॉक्स काढतो आणि खिशात ठेवतो. ती का ठेवावी लागते, ते कुठंतरी लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

गोपनीयचा अंमलदार साध्या कपड्यांत हद्दीत फिरतो. मोर्चा कोण काढणार, कुठल्या दोन तालमींत कुरबूर आहे, लॉजच्या रजिस्टरात कोण उतरलंय, भाडेकरूचे फॉर्म कुणी भरले नाहीत, जुन्या मोटारसायकली कोण विकतंय, हे सगळं बघायचं आणि संध्याकाळी कागदावर आणायचं. आपला कागद पुढं कुठं गेला हे आम्हाला बहुतेक वेळा कळत नाही.

एका नोव्हेंबरात दुपारी कोल्हापुरातल्या अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका लॉजच्या मॅनेजरचा फोन आला. "साहेब, एक गिऱ्हाईक तीन दिवस झालं उतरलंय. खोलीत काय ऱ्हात न्हाय, सारखं गच्चीवर. देवळाकडनं महाद्वार रोडवरच्या बिल्डिंगांचं फोटू काढतंय, कायतरी मोजतंय आन् वहीत लिवतंय. मला काय बरं वाटंना."

या मॅनेजरला मी आजही मानतो. गिऱ्हाईक जाईल, लॉजचं नाव खराब होईल, याची पर्वा न करता त्यानं फोन केला. २६/११ नंतरच्या एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की त्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पाच वेळा मुंबईत येऊन गेला, ताजचं चित्रीकरण करून गेला. त्याच वर्गात अमेरिकेतल्या फिनिक्स शहराची गोष्ट ऐकली. जुलै २००१ मध्ये तिथल्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या एका अधिकाऱ्यानं वर लिहून कळवलं होतं की विमान चालवायला शिकणाऱ्या काही जणांवर लक्ष द्यायला हवं. ऑगस्टमध्ये मिनेसोटातल्या विमानशाळेनं एका विद्यार्थ्याबद्दल शंका कळवली आणि झकेरिया मुसावी पकडला गेला. मिनेसोटातल्या तपासणाऱ्यांनी फिनिक्सचा कागद पाहिलेलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात ११ सप्टेंबरचा विमानहल्ला घडला. तेव्हापासून माझी पक्की समजूत होती, आजही आहे, की शंका आली की लिहायची आणि ज्याला लागेल त्याच्यापर्यंत ती पोचलीच पाहिजे. आपल्याकडं सगळ्या यंत्रणांची माहिती एका ठिकाणी यावी म्हणून मल्टी एजन्सी सेंटर आहे, तेही याचसाठी.

मी लॉजवर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. गच्चीवर साठीचा माणूस, पांढरा शर्ट, पायांत चपला, पश्चिमेला तोंड करून उभा. मी पाण्याच्या टाकीआडून पंधरा मिनिटं त्याला पाहिलं. त्याच्या हातात शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक होता. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधलेला आणि दोऱ्याला खाली नट लोंबत होता. एक डोळा मिटून तो सरळ कडेनं समोरच्या इमारतीचा माथा बघायचा, दोरा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा आणि मग वहीत आकडा टाकायचा. खिशातून दिशादर्शक काढून पुन्हा एक आकडा.

मी खाली येऊन ठाण्यात फोन केला, मजकूर सांगितला. माझा कागद कसा असायचा ते सांगतो, कारण त्याचा मला अभिमान आहे. आधी दिसलं ते लिहायचं आणि वाटलं ते शेवटी, वेगळ्या ओळीत. 'इसम गच्चीवर उभा राहून महाद्वार रोडच्या बाजूच्या इमारतींची उंची साध्या साधनाने मोजत असल्याचे दिसले. हेतू समजला नाही. पडताळणी सुरू.' एवढंच सांगितलं होतं. तो कागद ठाण्यात दुसऱ्या हातातून गेला आणि 'संशयास्पद रीतीने मंदिर परिसराची रेकी करताना मिळून आला' असा होऊन सहा वीसला तीन ठिकाणी पोचलासुद्धा. 'रेकी', म्हणजे हल्ल्याआधीची टेहळणी, हा शब्द मी वापरला नव्हता. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, त्यानं कागदाला वजन येईल. आमच्या खात्यात कागदाला वजन आणायची ही खोड फार जुनी आहे आणि मी तिच्यावर आयुष्यभर भांडलो.

तोवर मी वर जाऊन ओळख दिली होती. माणूस घाबरला, पण पळाला नाही. वही पुढं केली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच आकडा, २५२, गोल केलेला. त्याखाली वेळा: ५.३५, ५.४०, ५.४५. पुढं 'अडथळा १, टाकी', 'अडथळा २, लोखंडी शेड'. खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. देवळासमोरच्या इमारती, वेळा, अडथळे आणि एक गूढ आकडा.

"हे २५२ काय?"

"दिशा आहे साहेब. उत्तरेपासून २५२ अंश. नऊ नोव्हेंबरला सूर्य साधारण तिथं मावळतो."

तो निपाणीचा निवृत्त मास्तर होता, विज्ञान शिकवायचा. किरणोत्सवाचा हिशेब मांडायला आला होता. हा सोहळा मी लहानपणापासून पाहतोय. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदाच का, हे मात्र मला त्या गच्चीवर कळलं. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला सरकताना ज्या जागी मावळतो, परत येताना जानेवारीच्या शेवटी पुन्हा त्याच जागी मावळतो. मास्तरांनी माझा हात धरून तो बिंदू दाखवला. मधल्या इमारतींमुळं किरणं अडतात, हे कोल्हापुरात कुणाला नवीन नाही. कोणता अडथळा किती अंश उंच आहे, याचा तक्ता करून ते देणार होते.

दोन तासांत पडताळणी झाली. निपाणीत त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांशी बोललो, ओळखपत्र पाहिलं, कॅमेऱ्यातले सगळे फोटो पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा अहवाल लिहिला: काही आक्षेपार्ह मिळून आले नाही, विषय बंद. तो आमच्याकडून एकाच ठिकाणी गेला. पहिला कागद जिथं जिथं गेला होता तिथं तिथं दुसराही जायला हवा होता. मी तो पाठवा म्हणून सांगितलं आणि त्याच दुपारी बंदोबस्ताला निघून गेलो. गेला की नाही, हे विचारलं नाही. ती चूक माझी.

३१ जानेवारीला मास्तर आपले आकडे पडताळायला पुन्हा आले. बसमधून उतरून लॉजवर जाताना दुसऱ्या एका पथकानं त्यांना ताब्यात घेतलं. पथकाकडं नोव्हेंबरचा कागद होता, 'रेकी'वाला. त्यांचंही काही चुकलं म्हणता येत नाही. हाती तो कागद असताना मीही तेच केलं असतं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण बसवून ठेवलं. मला दुसऱ्या दिवशी रात्री कळलं आणि मी धावत गेलो. तोवर दोन्ही संध्याकाळी सूर्य मावळून गेला होता. मास्तर बाकावर बसले होते, वही मांडीवर. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही लिहिलं होतं ना, काही नाही म्हणून?"

पुढचे आठ दिवस मी त्या दुसऱ्या अहवालाच्या प्रती घेऊन हातोहात फिरलो. दोन ठिकाणी आवक शिक्का मिळाला. तिसऱ्या कार्यालयातल्या कारकुनानं कागद उलटसुलट केला. "याला कुठल्या फाइलला लावू? ती माहिती आमच्याकडून आणखी पुढं गेलीय. कुठं, ते मला सांगता येत नाही."

नंतर वाचनात आलं, अमेरिकेत केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या गुप्तवार्ता नोंदींना जास्तीत जास्त पाच वर्षांची मुदत असते. फेरतपासणीत नोंद टिकली नाही तर ती काढून टाकावी लागते. नुसते फोटो काढणं किंवा निरीक्षण करणं याला आणखी काही ठोस जोड असल्याशिवाय संशयास्पद धरू नये, असंही त्यांच्या मानकात लिहिलंय. आमच्या टेबलावर असा कागद माझ्या नोकरीत कधी आला नाही. आला असता तर मी तो भिंतीला चिकटवला असता.

मास्तर अजून येतात. आता ते आदल्या दिवशी फोन करतात आणि विचारतात, "येऊ ना?" ज्या गावात सगळा महाराष्ट्र देवीला येतो, तिथं या माणसाला विचारून यावं लागतं, हे मला सहन होत नाही. मी या म्हणतो. मग नऊ तारखेला दुपारी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन निपाणीच्या गाडीची वाट बघत उभा राहतो. दुसऱ्या अहवालाची झेरॉक्स खिशात असते, दोन्ही शिक्के दिसतील अशी घडी घालून.