हौदातले ‘विंचू’

तक्रारवहीत नोंद होती ती अशी: ‘चाळीच्या हौदात विंचवाची पिल्ले. लहान मुले आहेत. तातडीने फवारणी करावी.’ मी पालिकेच्या कीटकनाशक विभागात आहे. डासांच्या अळ्या हुडकायच्या, टाकीची झाकणं तपासायची, पिंपं उलटी करायची, हे आमचं रोजचं काम. विंचवांची तक्रार आमच्याकडे येत नाही, आणि पाण्यातल्या विंचवांची तर मुळीच नाही. तरी ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मी आणि आमचे मामा परळला गेलो. मामा म्हणजे फवाऱ्याचा पंप खांद्याला लावून माझ्या दुप्पट वर्षं मुंबई फिरलेला माणूस.

चाळीच्या मागच्या चौकात जुना सिमेंटचा हौद होता. झाकण नाही, कडेला शेवाळ, पाणी कपडे धुवायला आणि कुंड्यांना. तळमजल्यावरच्या काकूंनी काचेच्या बरणीत पुरावा धरून ठेवला होता. “दादा, झाकण उघडू नका हं, उडी मारतंय ते.”

बरणीत मातकट रंगाचे, सहा पायांचे, पोटाशी रुंद असे जीव तळाशी बसले होते. नांगी कुठेच नव्हती. मी बरणी जरा हलवली तसा एक जण पाय न हलवता सटकन पुढे गेला. हीच ती उडी. गुदद्वारातून पाणी आत घ्यायचं आणि जोरात मागे फेकायचं, की अंग पुढे जातं. ही चाल चतुराच्या अळीची. टाचणी म्हणजे चतुराचा बारीक अंगाचा भाऊबंद, तिची अळी सडपातळ असते आणि तिच्या शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले असतात. ते इथे नव्हते.

काकूंना चतुर म्हटल्यावर पटेना. “चतुर म्हणजे ते हेलिकॉप्टर? ते पाण्यात कशाला जातील?” हा प्रश्न मला अनेक वर्षं ऐकू येतो. चतुराच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्यातच जातो. मादी पाण्याला शेपटाचं टोक टेकवत अंडी सोडते, अळी पाण्यात वाढते, मध्ये कोष नसतो. शेवटची कात टाकायला ती भिंतीवर किंवा गवतावर चढते आणि पाठ फाडून पंखवाला चतुर बाहेर येतो. आपण ज्याला चतुर म्हणतो तो म्हणजे त्या गोष्टीचं शेवटचं पान.

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून मामांना शेजारच्या पिंपातलं पाणी आणायला सांगितलं. हौदापासून दोन हातांवर एक फुटकं प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, डेंगी पसरवणाऱ्या एडिसच्या. पळीभर पाणी बरणीत ओतलं. चतुराची अळी हलली नाही. डासाची अळी तिच्या तोंडासमोरून गेली आणि नाहीशी झाली. मधलं काही दिसलंच नाही. पुन्हा ओतलं, या वेळी सगळ्यांनी डोळे बरणीला लावले. चतुराच्या अळीचा खालचा ओठ दुमडून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. तो झटक्यात पुढे येतो, टोकाच्या आकड्यांनी भक्ष्य पकडतो आणि पुन्हा जागेवर जातो. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, आठवी-नववीतला असेल, मोबाईलवर ते संथ गतीत टिपायला लागला आणि त्याला ते जमलंही. बरणीभोवती मग इतकी गर्दी झाली की मामांना पंप ठेवायला जागा उरली नाही.

हौदात आमची पळी बुडवून बुडवून पाहिली. डासाची एकही अळी नाही.

आता प्रश्न, हे चतुर कुठले? काकूंचं बोट वर गेलं. चौकावर पिवळसर चतुरांचा थवा घिरट्या घालत होता. “हेच ना? आमच्या हौदातले?” मला तसं वाटत नव्हतं. पावसाळा सरताना मुंबईवर जे थवे दिसतात ते बहुतेक पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्सचे. हा चतुरांतला सगळ्यात लांब पल्ल्याचा भटक्या. तेव्हा मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की भारतावरून गेलेले हे चतुर मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचत असावेत, आणि येण्याजाण्याची ही फेरी एका पिढीत नव्हे, काही पिढ्यांत पुरी होते. पॅन्टाला तासन् तास हवेतच असतो, आणि बसलाच तर फांदीला लोंबकळतो. तोही साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे तो नाहीच असं वर बघून म्हणता येईना.

पुरावा हौदाच्या आतल्या भिंतीवर होता. पाण्याच्या वर वीतभर अंतरावर काती चिकटलेल्या होत्या, पाठीवर चीर आणि चिरेतून पांढरे धागे बाहेर आलेले. हे धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर. एका कातीशेजारी नुकता बाहेर आलेला चतुर होता, पंखांवर अजून ओली चकाकी. तो मात्र लोंबकळत नव्हता. पंख पसरून अख्खा भिंतीला चिकटून बसला होता.

मग मी चौकाची भिंत बघायला लागलो. ऊन-पावसाने काळवंडलेला गिलावा, पोपडे, कुठे चुन्याचे डाग. तिथे काहीच नव्हतं. मुलाला म्हटलं, “भिंतीवर हळूच सावली पाड.” त्याने हात फिरवला आणि भिंतीचा एक तुकडा उडाला, हातभर पुढे जाऊन पुन्हा भिंत झाला. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. रोज याच भिंतीला दोऱ्या बांधणारी माणसं बघतच राहिली.

ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. इंग्रजीत याला ग्रॅनाइट घोस्ट म्हणतात. करड्या-काळ्या ठिपक्यांचं अंग. नर आणि मादी दिसायला सारखेच, जे चतुरांत फारसं आढळत नाही. दुर्बिणीतून पंखाच्या टोकाजवळचा तो छोटा चौकोनी डाग पाहिला: मधे काळा, दोन्ही कडांना पांढरा. तेवढ्यावर माझं समाधान झालं, पण खरं सांगायचं तर ओळख आधीच पटली होती, बसण्याच्या ढबीवरून आणि जागेवरून. नवखे लोक रंगाच्या मागे लागतात. रंग वयाप्रमाणे बदलतो, नर-मादीत बदलतो. चतुर कुठे बसलाय आणि कसा बसलाय हे आधी टिपावं, असं माझं मत आहे. मुळात हा कातळावरचा चतुर. शहरात त्याला सिमेंटच्या भिंती आणि टाक्या मिळाल्या आणि तो राहिला. त्याच्याच एका भावंडाची, ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिसची, ओळख महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून २०२० साली पटली, म्हणजे अगदी काल-परवा.

“मग तेल मारायचं की नाही?” मामांनी मुद्द्यावर आणलं.

पिंप उपडं केलं. हौदात अळ्या मारायचं तेल मारलं नाही, नोंदीत ‘डास अळी: नाही’ असं लिहिलं. चाळीचे सेक्रेटरी म्हणाले, “मग चतुरच पाळू की, झाकणाचा खर्च वाचला.” रंगूनमध्ये असा प्रयोग खरंच झालेला आहे, तिथे क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या चतुराच्या अळ्या घरोघरच्या पाण्याच्या साठ्यांत सोडल्या आणि एडिस डास कमी झाले. पण त्या मुद्दाम वाढवून, पुन्हा पुन्हा सोडाव्या लागल्या. इथे अळ्या उडून गेल्या की हौद रिकामा, आणि डासाला अंडी घालायला थोडंसं साचलेलं पाणी पुरतं. उडायच्या बेतात असलेल्या अळ्यांना मुदत म्हणून थोडे दिवस दिले, मग झाकणाची नोटीस मीच सही करून बजावली. मला ते आवडलं नाही. डेंगीच्या हंगामात दुसरं काही करताही आलं नसतं.

तो मुलगा आता फोटो पाठवतो. हौदावर झाकण बसलं तरी भिंतीवर दोन-चार घोस्ट दिसतात म्हणतो; पाणी त्यांनी दुसरीकडे कुठे तरी शोधलं असणार. मागच्या रविवारी तो सायनजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेला होता आणि लाल चतुरांचे फोटो आले. लाल चतुरांनी भलेभले गोंधळतात. एकाच्या पोटावर मधोमध बारीक काळी रेघ स्पष्ट दिसते, म्हणजे तो क्रोकोथेमिस. दुसरा गुलाबीकडे झुकणारा, शिरा लाल, ट्रायथेमिस ऑरोरा असावा. पण पंखाच्या मुळावर नेमकं गवताचं पातं आलंय. पुन्हा जाऊन बाजूने काढ म्हणून कळवलंय.