गाळणीत गाळी

बेळगावजवळचा वंटमुरीचा घाट म्हणजे काही खंडाळा नव्हे. काकती मागे टाकून निपाणीच्या दिशेने निघालं, की आपण चढ चढतोय हे ट्रकवाले सोडले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात आलं, कारण एक ट्रकच मला मागे टाकून गेला. ऊस भरलेला.

पाय दाबला तरी गाडी ओढेना. सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी चढाला लागली की दम्याच्या पेशंटसारखी करायला लागली. बायको म्हणाली, "तो पिवळा दिवा चार दिवस झाले दिसतोय, खरं तुम्ही मनावर घेत नाही." आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', आणि ते तिच्या तोंडून आलं की बहुधा खरंच असतं. फिल्टरच्या चित्राखाली दोन थेंब, असला तो दिवा. पावसाळ्यात थेंब दाखवणारच, असं काहीतरी मी स्वतःला समजावलं होतं.

तीस वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मायक्रोमीटर हातात धरून काढली. पाच मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागावरून, पोरांवर ओरडलोय. स्वतःच्या डिझेल गाडीचा इंधन फिल्टर कुठे असतो हे मात्र ठाऊक नव्हतं. जुन्या पेट्रोल गाड्यांत एक पारदर्शक डबी पाइपाच्या मधोमध लटकलेली असायची, अंगावर बाण काढलेला. ती उघड्या डोळ्यांना दिसायची. आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपाच्या सोबतीला जाऊन बसलाय. डिझेलचा अजून बॉनेटखाली असतो, फक्त ओळखता यायला हवा. मी इंजिन ऑइलच्या फिल्टरकडे बोट दाखवून बायकोला माहिती देत होतो.

रडतखडत यमकनमर्डीपर्यंत आलो. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, आत एक पोरगा, विशी-बाविशीचा. मी कन्नडची जुळवाजुळव करीपर्यंत त्याने बॉनेट उघडलंही होतं. कोपऱ्यातला काळा डबा दाखवून म्हणाला, "फिल्टरन्याग कस तुंबैती री."

कस! आमच्याकडे जमिनीला कस असतो, सोन्याचा कस बघतात. पलीकडच्या भाषेत कस म्हणजे कचरा. एकाच शब्दाची दोन टोकं एका डब्यात.

त्याने डब्याच्या बुडाचा स्क्रू सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. बाटली उजेडात धरून दाखवली, तेव्हा तळाला बोटभर स्वच्छ पाणी, वर सोनेरी डिझेल. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. डिझेल हलकं, पाणी जड, म्हणून पाणी बुडाशी साठतं. अर्धी टाकी ठेवून फिरायची माझी सवय, आतल्या हवेला दव धरतं, त्यातलं हे असावं. पंपाला आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला डिझेलचंच वंगण असतं. तिथे पाणी गेलं की मोठा खर्च. नोझलची भोकं केसाच्या जाडीच्या आसपासची, आणि केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. हे गणित मला यायला हवं होतं.

जुना फिल्टर त्याने कापूनच दाखवला. आत पेटीच्या भात्यासारख्या कागदाच्या घड्या, काळ्या कुळकुळीत. नवा बसवताना रबरी रिंगेला डिझेलचं बोट लावलं आणि हातानेच आवळला. मी शहाणपणा केला, "आधी वरून डिझेल भरून घे की." तो मराठीत म्हणाला, "नको काका, न गाळलेलं सरळ आत जातंय." म्हणजे मराठी येत होती! इतका वेळ मी हातवारे करत होतो.

चावी फिरवली. गाडी नुसती घुरघुरली. पोरगा हसला. "गाळी बंदैती."

गाळी म्हणजे वारा, हवा. उघडझाप करताना पाइपात हवा शिरलेली. फिल्टरच्या डोक्यावर एक रबरी बटण होतं, ते तो अंगठ्याने दाबत राहिला. आधी मऊ, पोकळ. बाजूच्या स्क्रूतून फेस आला, मग बुडबुडे, मग नितळ धार. बटण टणक झालं तसा स्क्रू आवळला. गाडी पहिल्या चावीला सुरू. नव्या डब्यावर त्याने मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले. ती बाटली शेडच्या फळीवर ठेवली. तिथे आधीच तशा तीन उभ्या होत्या.

निपाणीला पोचलो तेव्हा साखरपुड्याचे पेढे वाटून झाले होते. हाताला डिझेलचा वास. व्याह्यांनी विचारलं, "काय झालतं?"

"गाळणीत गाळी शिरली होती."

चिकोडी, संकेश्वरकडची मंडळी खदखदून हसली. पुण्याहून आलेले मामा तेवढे गंभीर. म्हणाले, "गाळणीत गाळच असणार. त्यात उशीर व्हायला काय झालं?"